सुरांचा वार्षिक हिशेब

गेल्या डिसेंबरात, आगमनकाळाचा दुसरा आठवडा चालू असताना, आमच्या लेकीने आमच्याच मोबाईलवर आम्हाला एक गंमत उघडून दाखवली. वर्षभरात त्या यंत्रावर आपण कोणते संगीत किती वेळा ऐकले याचा जमाखर्च ते यंत्र वर्षअखेरीस आपणहून मांडते. आयुष्यभर बँकेत खातेवह्या सांभाळलेल्या माणसाला हिशेबाचे कौतुक वाटावे हे साहजिकच आहे. पण हा हिशेब पाहून आम्ही थोडे ओशाळलो. आपली आवड चौफेर आहे, अशी आमची समजूत होती. भीमसेन जोशींपासून चर्चच्या ब्रास बँडपर्यंत सारे आपल्याला सारखेच प्रिय, असे आम्ही चारचौघांत सांगतही असू. यंत्राने मात्र निर्विकारपणे दाखवून दिले की वर्षभर आम्ही फिरून फिरून तीनच गोष्टी ऐकत होतो. आर्व्हो पॅर्ट या एस्टोनियन संगीतकाराची व्हायोलिन आणि पियानोसाठी लिहिलेली एक लहानशी रचना, हेन्रिक गुरेत्स्की या पोलिश संगीतकाराची तिसरी सिंफनी, आणि लॅटिनमधले ग्रेगोरियन ‘साल्वे रेजिना’. तिन्ही संथ, तिन्ही जवळजवळ तालहीन.

लेक हसून म्हणाली, “बाबा, तुम्ही लिहिता ती गाणी यात एकही नाही.”

तिने ते सहज म्हटले असेल. आम्हाला मात्र ते लागले. आमच्या धर्मग्रामातील गायकवृंदासाठी आम्ही गेली सत्तावीस वर्षे गीते रचीत आलो आहोत. ती ठेक्याची, उत्साहाची आणि टाळ्या वाजवाव्याशा वाटणारी गीते आहेत. दिवसभर जिलब्या तळणारा हलवाई रात्री घरी भाकरी आणि सुकट खातो, त्यात वावगे काही नाही. परंतु हलवायाने गिऱ्हाइकाला ‘जिलबी हेच माझ्या जिवाचे अन्न’ असे कधी सांगितलेले नसते. प्रार्थनागीत लिहिणारा मात्र न बोलताही तेच सांगत असतो. आमची प्रार्थना एका सुरात आणि आमची लेखणी दुसऱ्या सुरात, असे तर घडत नव्हते? आणि घडत असेल, तर लेखणीने वाट बदलावी काय? वाचकहो, हा प्रश्न केवळ आमच्यापुरता असता तर या पानांवर आणलाच नसता.

ही गीते लिहायला आम्ही लागलो ते एका मोठ्या वळणानंतर. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी पवित्र उपासनेविषयीचे संविधान जाहीर केले. ग्रेगोरियन गायनाला त्यात अग्रमान कायम ठेवला होता. पण इतर प्रकारांना मज्जाव केला नव्हता, आणि मिशनप्रदेशांतील लोकांची स्वतःची संगीतपरंपरा असेल तर तिला योग्य ते स्थान द्यावे असे स्पष्ट म्हटले होते. मराठी मिस्सा, मराठी गीते, पेटी आणि तबला यांना त्यामुळे मंदिरात हक्काची जागा मिळाली. प्रॉटेस्टंट बांधवांत रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ही वाट कितीतरी आधी चोखाळली होती. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांनी परदेशी चालींच्या भाषांतरित गीतांवर समाधान न मानता भजन-कीर्तनाच्या अंगाने ख्रिस्ती उपासनेला मराठी कंठ दिला. त्याच्याही मागे जायचे तर इंग्लंडमधून १५७९ साली गोव्यास आलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स आहेतच. त्यांनी ओवी हाती घेतली आणि १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ छापून प्रसिद्ध झाले. परक्या भाषेच्या छंदात शिरणे याहून मोठी दिशाबदलाची उडी दुसरी कोणती असेल? आम्ही या थोरांच्या पंगतीतले नव्हे. पण लोकांना गाता येईल असे लिहावे, ही शिकवण त्यांच्याच वाटेने आमच्यापर्यंत आली, आणि सत्तावीस वर्षे तिने आमचे भागवले.

मग गेल्या वर्षीच्या प्रायश्चित्तकाळात आम्ही पॅर्ट ऐकला.

या माणसाची कहाणी थोडी सविस्तर सांगितली पाहिजे. आर्व्हो पॅर्टचा जन्म १९३५ सालचा. तरुणपणी ते रेडिओवर ध्वनिमुद्रणाचे काम करीत आणि त्या काळच्या युरोपातील नव्या पद्धतीने, म्हणजे सप्तकातील बाराही स्वरांना सारखा मान देणाऱ्या काटेकोर आणि बहुतेकांच्या कानाला कर्कश वाटणाऱ्या रचनापद्धतीने संगीत लिहीत. एस्टोनिया तेव्हा सोव्हिएत सत्तेखाली होता. १९६८ साली टालिनमध्ये त्यांची ‘क्रेडो’ ही कृती सादर झाली. तिच्यात एकीकडे बाखचा निर्मळ प्रेल्यूड आणि दुसरीकडे त्याला गिळू पाहणारा स्वरांचा गोंधळ, आणि या साऱ्यावर येशू ख्रिस्तावरील श्रद्धेची उघड कबुली! सत्ताधाऱ्यांची मर्जी अर्थातच खप्पा झाली. पण नवल सत्ताधाऱ्यांचे नाही. नवल हे की, पॅर्ट यांनाच त्यानंतर आपल्या जुन्या भाषेत काही बोलता येईना. पुढची सुमारे आठ वर्षे, एक सिंफनी आणि काही किरकोळ काम सोडले, तर ते जवळजवळ गप्प राहिले. या काळात त्यांनी ग्रेगोरियन गायनाचा आणि मध्ययुगीन बहुस्वरी संगीताचा अभ्यास केला. शाळकरी मुलाने कित्ता गिरवावा तशा साध्या एकस्वरी सुरावटी लिहून वह्यांमागून वह्या भरल्या. १९७२ साली ते ऑर्थोडॉक्स ख्रिस्तमंडळात दाखल झाले.

१९७६ साली पियानोसाठी दोनएक पानांची एक रचना त्यांनी लिहिली, ‘फ्युअर अलिना’. तिच्यात दोनच आवाज आहेत. एक आवाज पायरी पायरीने चालतो, वर जातो, खाली येतो. दुसरा आवाज मूळ स्वरसंगतीतील तीन स्वरांपलीकडे पाऊल टाकीत नाही. या पद्धतीला त्यांनी लॅटिनमधील लहान घंटेच्या नावावरून ‘टिन्टिनाबुली’ म्हटले. आपल्याकडच्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. तंबोरा आपल्या जागी घुमत असतो आणि गवय्या रानोमाळ हिंडून पुन्हा त्याच्यापाशी येतो, तसेच काहीसे. फरक इतकाच की इथे तंबोराही गवय्याच्या प्रत्येक पावलासोबत एकेक स्वर बोलतो. भटकणारा आवाज म्हणजे मनुष्याचे चुकणे आणि सोसणे, तर घरी थांबलेला आवाज म्हणजे क्षमा, असा अर्थ या संगीताचे अभ्यासक पॅर्ट यांच्याच बोलण्याच्या आधारे सांगतात. उधळ्या पुत्राचा दाखला ज्यांनी लहानपणापासून ऐकला आहे त्यांना यावर वेगळे भाष्य नको.

आमच्या हिशेबात पहिली आलेली रचना १९७८ सालची, ‘श्पीगल इम श्पीगल’ म्हणजे आरशातला आरसा. पियानो तीन तीन स्वर चढवीत राहतो. व्हायोलिनचे प्रत्येक वाक्य आधीच्यापेक्षा एका स्वराने लांबते, आणि दर वेळी त्याच एका स्वरावर घरी परतते. एवढेच. दहा मिनिटांत दुसरे काही घडत नाही. आम्ही ते प्रथम ऐकले ती रात्र गुड फ्रायडेच्या आधीच्या आठवड्यातली होती. घरात सारे निजले होते, आणि आम्ही ओटीवर बसून ते एकामागून एक पाच वेळा ऐकले.

त्यानंतर आम्हाला लिहिता येईना. पावसाळा कोरडा गेला, म्हणजे लेखणीचा. पेटी पुढ्यात घ्यावी, सवयीची चाल बोटांत यावी, आणि ती आपल्याला फसवते आहे असे वाटून भाता बंद करावा. ऑक्टोबरात धर्मग्रामाच्या सणासाठी नवे गीत मागितले गेले, तेव्हा आम्ही जे दिले त्यात तबला नव्हता, कीबोर्डमधला तयार ठेका नव्हता. दोन आवाज होते आणि मध्ये बरीचशी शांतता होती.

तालमीचा प्रसंग आम्ही विसरणार नाही. गायकवृंदातील सर्वांत जुन्या मावशी (त्यांनी आम्हाला अर्ध्या चड्डीत पाहिलेले आहे) कागद खाली ठेवून म्हणाल्या, “बाळा, हे सणाचं आहे की मयताचं?” सारे हसले. आम्हीही हसलो. पण आमचे लक्ष गेले ते तबलजीकडे. एकोणीस वर्षांचा पोरगा, रविवारची मिस्सा कधी न चुकवणारा. तो हातोडी मांडीवर घेऊन, तबल्यावरची खोळही न काढता, तासभर मुकाट बसून होता. त्याने तक्रार केली नाही. “काका, माझं काम नाही ना यात?” एवढेच विचारून तो इतरांची पाण्याची बाटली भरायला गेला.

आम्ही ते गीत मागे घेतले. सणाला आमचेच पंधरा वर्षांपूर्वीचे गीत गायले गेले, मंडपात टाळ्या पडल्या, आणि आम्ही मनातून रागावून घरी आलो. आपल्याला कोणी समजून घेतले नाही, असा तो राग होता. कलावंताला हा राग फार गोड लागतो. म्हणूनच डिसेंबरातला तो हिशेब पाहून ओशाळण्याबरोबरच आम्हाला एक प्रकारचा विजयही वाटला होता. पाहा, यंत्रसुद्धा साक्ष देते की आमचे खरे मन कुठे आहे!

प्रश्न असा आहे. ज्याने वर्षानुवर्षे लोकांना काही दिले आणि लोकांनी ते आपलेसे केले, त्याला एके दिवशी ते देणे थांबवण्याचा अधिकार आहे काय? ‘मन नाही त्यात’ म्हणून थांबणे हा प्रामाणिकपणा, की ज्यांनी विसंबून राहावे त्यांना वाऱ्यावर सोडणे? आणि मन बदलले हे खरे कशावरून? परिवर्तन आणि कंटाळा हे दोघे बाहेरून अगदी सारखे दिसतात.

संत ऑगस्टीन यांनी आपल्या ‘कबुलीजबाबा’च्या दहाव्या भागात अशीच कुचंबणा मांडून ठेवली आहे. गायल्या जाणाऱ्या वचनापेक्षा गाणेच आपल्याला अधिक हलवते तेव्हा आपल्या हातून पाप घडते, असे त्यांना वाटते. मंदिरातून सारे मधुर स्वर हद्दपार करावेत असेही कधी वाटते. पण मग श्रद्धेकडे वळण्याच्या दिवसांत त्याच गायनाने आपले डोळे भरून आले होते हे त्यांना आठवते, आणि ते गायनाच्या बाजूला झुकतात. या साऱ्यात ते स्वतःच्या कानांवर संशय घेतात, शेजाऱ्याच्या नव्हे. आम्ही नेमके उलटे केले होते. लोकांच्या आवडीवर संशय घेतला होता. आपल्या आवडीला मात्र प्रार्थना म्हटले होते.

आमच्या एका धर्मगुरू मित्राला आम्ही हे सांगितले, तेव्हा त्यांनी काही उपदेश न करता ‘रोसिनीची मिस्सा ऐका’ एवढेच सांगितले. जोआकिनो रोसिनी हा इटालियन संगीतकार. त्याने एकोणचाळीस ऑपेरे लिहिले; शेवटचा ‘विल्यम टेल’ १८२९ साली. तेव्हा तो सदतीस वर्षांचा होता, सारे युरोप त्याच्या पायाशी होते. आणि तो थांबला. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षे जगला, पण ऑपेरा लिहिला नाही. प्रकृती, थकवा, बदललेली हवा, कारणे अनेक सांगतात. एकाहत्तराव्या वर्षी, १८६३ साली, त्याने मिस्सा रचली आणि पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये एका उमरावाच्या वाड्यात ती सादर झाली. नाव ‘लहानशी गंभीर मिस्सा’. लांबी तासाहून अधिक, आणि गंभीरपणही जेमतेमच! गायक बारा, दोन पियानो, आणि एक हार्मोनियम. होय, जी पॅरिसमध्ये जन्मली आणि हात-भात्याचा अवतार घेऊन आपल्या भजनी मंडळात आणि गायकवृंदात येऊन बसली, तीच पेटी. तो ठेकेबाज पियानो ऐकून प्रथम आम्ही चक्रावलो. हे तर नाटकगृह! पण दोनतीनदा ऐकल्यावर ध्यानात आले की या म्हाताऱ्याने देवापुढे उभे राहताना आवाज बदलून दाखवलेला नाही. हस्तलिखितावर त्याने देवाला उद्देशून एक छोटी चिठ्ठी लिहिली आहे. आपण विनोदी ऑपेऱ्यासाठीच जन्मलो हे तुला ठाऊकच आहे, अशा अर्थाची कबुली तिच्यात आहे. पॅर्टचे मौन जितके खरे, तितकाच हा ठेकाही खरा. उघडेबोडके म्हणजे पवित्र आणि लयदार म्हणजे उथळ, हे समीकरण आम्ही कुठून आणले होते कोण जाणे.

इथे एक आडवाट घेतो. रोसिनीने आपल्या मिस्सेत स्त्रियांच्या आवाजांची योजना केली, आणि मंदिरातील गायनात स्त्रियांना मुभा द्यावी म्हणून पोप नववे पायस यांच्याकडे विनंतीही केली. ती फळली नाही. उलट २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, संत सिसिलियाच्या सणाच्या दिवशी, पोप दहावे पायस यांनी पवित्र संगीताविषयी जे आज्ञापत्र काढले त्यात मंदिरात पियानो वर्ज्य ठरला, ढोल-झांजांसारखी वाद्ये वर्ज्य ठरली आणि गायकवृंदात स्त्रियांना जागा राहिली नाही. पुढे हे निर्बंध सैल होत गेले आणि १९६३ नंतर चित्रच पालटले. ‘सणाचं की मयताचं’ असे विचारणाऱ्या आमच्या मावशी १९०३ साली त्या बाकावर बसूच शकल्या नसत्या. संगीताच्या बाबतीत आपली माता ख्रिस्तसभाही वाट बदलत आली आहे, आणि प्रत्येक वळणावर कोणाच्या तरी हातातले वाद्य काढून घेतले गेले आहे, कोणाच्या तरी हाती दिले गेले आहे.

तरीही आम्ही पुरते शरण गेलो असे मात्र समजू नये. लोकांना विचारूनच कलावंताने वळावे, असे ठरवले तर गुरेत्स्कीचे काय करायचे? त्यानेही आरंभी प्रखर नव्या धाटणीचे संगीत लिहिले होते. १९७६ साली त्याने तिसरी सिंफनी रचली. तिन्ही भाग मंद लयीतले, तिन्हींत माता आणि अपत्य यांची ताटातूट. मधल्या भागाचे शब्द झाकोपाने येथील गेस्टापोच्या कोठडीच्या भिंतीवर एका अठरा वर्षांच्या मुलीने १९४४ साली कोरलेले आहेत. ती आईला रडू नकोस म्हणते आणि स्वर्गाच्या राणीचा आधार मागते. १९७७ साली फ्रान्समध्ये पहिल्या प्रयोगाला नव्या संगीताच्या कैवाऱ्यांनी नाके मुरडली. कोणाला ते हवे नव्हते. पंधरा वर्षांनी, १९९२ साली, डॉन अपशॉ या गायिकेच्या आवाजातले ध्वनिमुद्रण निघाले आणि त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. ज्यांना ते हवे होते ते श्रोते १९७७ साली सभागृहात नव्हते, एवढाच याचा अर्थ. गुरेत्स्कीने मात्र त्या यशानंतर तीच सिंफनी पुन्हा लिहून दिली नाही. २०१० साली तो वारला.

आणि फ्रान्झ लिस्त? युरोपला वेड लावलेल्या या पियानोवादकाने १८४७ साली, पस्तिसाव्या वर्षी, व्यावसायिक मैफली सोडल्या. १८६५ साली रोममध्ये त्याने धर्मसेवेच्या कनिष्ठ दीक्षा घेतल्या. उतारवयात त्याने ‘व्हिआ क्रुचिस’ ही क्रुसाच्या वाटेची चौदा स्थाने संगीतात बांधली. पियानोवर वादळे उठवणाऱ्या त्याच माणसाची ही कृती इतकी विरळ आहे की काही ठिकाणी एकटा स्वर चाचपडत चालतो. प्रकाशकाने ती नाकारली. १८८६ साली लिस्त वारला, आणि तिचा पहिला प्रयोग बुडापेस्टला झाला तो १९२९ सालच्या गुड फ्रायडेला. आम्हाला यात महत्त्वाचे वाटते ते निराळेच. या साऱ्या काळात लिस्तने शिष्यांना शिकवणे सोडले नाही, आणि त्यांच्याकडून मोबदलाही घेतला नाही. स्वतःच्या वळणाची किंमत त्याने स्वतः मोजली. आमच्या वळणाची किंमत आम्ही एका एकोणीस वर्षांच्या मुलाकडून घेऊ पाहत होतो.

हे सारे मनात घोळत असता नाताळच्या मध्यरात्रीची मिस्सा आली. तबला होता, कीबोर्ड होता, मंदिर तुडुंब भरले होते, आणि आमचेच एक जुने गीत शेकडो माणसे गात होती. कागदावर न पाहता. मागच्या बाकावर एक म्हातारा गृहस्थ एक ओळ चुकीची गात होता; आमच्या मूळ ओळीहून ती बरी होती. तेव्हा एकाएकी लक्षात आले की यंत्राचा हिशेब अपुरा होता. यंत्र मोजते ते आपण एकट्याने कानात घालून ऐकलेले. त्या वर्षीचे बावन्न रविवार, सहा मयते, तीन लग्ने, मारियेच्या महिन्यातील तीस-एकतीस संध्याकाळच्या रोझरी, यांतले एकही गाणे त्याच्या वहीत चढलेले नव्हते. खातेवह्या सांभाळणाऱ्या माणसाने हे पहिल्याच दिवशी ओळखायला हवे होते! जी नोंद झालीच नाही ती रक्कम नव्हतीच असे मानून आम्ही ताळेबंद जुळवला होता.

म्हणून पॅर्ट खोटा ठरला काय? नाही. तो आजही रात्री ओटीवर वाजतो. जुने गीत गाताना आनंद झाला, आणि तसे नवे गीत आता आमच्याच्याने लिहवत नाही, या दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या आहेत, आणि त्यांचा मेळ आम्हाला अजून घालता आलेला नाही.

यंदाच्या प्रायश्चित्तकाळासाठी आम्ही ते मागे घेतलेले गीत पुन्हा बाहेर काढले. या काळात वाद्ये केवळ गायनाला आधार देण्यापुरतीच वापरावीत असा दंडक असल्याने कोणाच्या हातचे काही जाणार नव्हते. शुक्रवारच्या क्रुसाच्या वाटेला, एका स्थानाकडून दुसऱ्याकडे जाताना ते चालण्यासारखे होते. तबलजीला आम्ही मुद्दाम घरी बोलावले आणि पुढच्या सणाच्या गीताचा ठेका तूच आधी बसव, शब्द आम्ही त्यावर लिहू, असे सांगितले. तो दोनदा येऊन गेला आहे. त्याने बसवलेला ठेका सात मात्रांचा आहे आणि आम्ही अजून त्याच्याशी झुंजतो आहोत. चार ओळींपलीकडे गाडी गेलेली नाही.

मावशींचा प्रश्न वेगळाच निघाला. गेल्या दोन वर्षांत त्यांचा आवाज उतरला आहे. वरचे स्वर लागत नाहीत, म्हणून यंदा गायकवृंद सोडायचे त्यांनी मनाशी ठरवले होते, आणि ते कोणाला बोलल्या नव्हत्या. पहिल्या तालमीला आम्ही दोन आवाज वाटून देत असता त्यांनी विचारले, “तो दुसरा आवाज किती सुरांचा?”

“तीनच सुरांचा, मावशी. सा, ग आणि प.”

त्यांनी चष्मा पुसला, कागद जवळ ओढला आणि एकदा स्वतःशी म्हणून पाहिला. गीत आवडले असे त्या म्हणाल्या नाहीत. “हे तर माझ्यात अजून आहे,” म्हणाल्या, आणि पेटीवाल्याला सूर धरायची खूण केली.